आडोशातली ताटली

गुरुवारी सकाळी कुंदाकाकूंनी कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावलं, दोन फोटो पुढे-मागे करून पाहिले, आणि घाबरून लॅपटॉप मिटून टाकला. पहिल्या फोटोत खालच्या वस्तीतल्या सुंदराबाई एका दगडाजवळ पाठमोऱ्या, उकिडव्या बसून गवत कापत होत्या. दुसऱ्या फोटोत त्याच दगडावर बिबट्या उभा होता, गवताच्या कापलेल्या बुडख्यांना नाक लावून. ऊन तेच, सावली तीच. मध्ये फार तर चहाला उकळी यावी एवढा वेळ गेला असेल.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुशीत फ्लॅट घ्यायचा आणि बिबट्या दिसला की बोंब मारायची, हा निव्वळ चावटपणा झाला. खरं आहे. पण हा बिबट्या आपणहून आलेला नव्हता हो! त्याला कुंदाकाकूंनी बोलावून आणलं होतं. चिकन घालून. ज्या आठल्यांच्या घरात अंड्याचा केकसुद्धा बाल्कनीत उभं राहून खायचा नियम, त्या घरातल्या बाईने!

मुळापासून सांगायला हवं. मधुमालती सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक जुनी दगडाची खाण आहे. अर्धा डोंगर खाऊन झाल्यावर ती बंद पडली, आणि बंद पडून इतकी वर्षं झाली की तिच्या टप्प्यांवर पळस आणि करंज उगवले, खड्ड्यात पाणी साठलं, पाण्यावर पाणकोंबड्या आल्या. पण शहराच्या विकास आराखड्यात ती जमीन अजून 'खाणीसाठी राखीव'च होती. मागच्या वर्षी जुन्या मालकाच्या पुतण्याला ते आठवलं आणि त्याने खाण पुन्हा सुरू करायचा अर्ज घातला. म्हणजे पुन्हा सुरुंग, पुन्हा धुरळा, पुन्हा डंपर. सोसायटीचं धाबं दणाणलं. खाली खाणीच्या तोंडाशी खाणवाडी आहे, जालन्याकडून दगड फोडायला आलेल्या माणसांची वस्ती, तिचंही दणाणलं. दोघांनी मिळून समिती केली. मागणी एकच होती, आरक्षण बदला, खाण काढा आणि वन करा.

समितीचा अध्यक्ष चौथ्या मजल्यावरचा देवव्रत, कंप्युटरवाला, उत्साही पोरगा. सचिव कुंदाकाकू. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. त्यांना या सगळ्याची इतकी तळमळ का, हेही सांगितलं पाहिजे. त्यांचे यजमान विद्याधरकाका दम्याचे रोगी. पार्ल्याची जागा विकून इथे आले ते डॉक्टर म्हणाले म्हणून, डोंगराची हवा मिळावी म्हणून. त्या हवेत दगडाचा भुगा मिसळला तर काका किती दिवस काढतील, हा हिशेब काकूंनी मनात करून पाहिला होता आणि घाईघाईने पुसून टाकला होता.

पालिकेत अर्ज घेऊन गेले तर तिथल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं, "झाडं काय हो, गटारावरही उगवतात. जंगल म्हणायचं तर सुनावणीला जनावर दाखवा."

मग देवव्रतने कॅमेरा आणला, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, आणि खाणीतल्या करंजाला बांधला. रोज कार्ड काढून आणायचं काम काकूंकडे आलं, कारण सोसायटीचा खतखड्डा त्याच बघायच्या आणि खतखड्ड्यामागच्या जाळीला जे भगदाड होतं त्यातून दोन ढांगांत खाणीत जाता यायचं. फोटोत कोण आलं? कुत्री. सुंदराबाईंच्या शेळ्या. खुद्द सुंदराबाई. एकदा बी विंगमधला कुणाचा तरी नवरा, चोरून सिगरेट ओढताना. तो फोटो त्याच्या बायकोला पाठवायचा मोह काकूंनी मोठ्या कष्टाने आवरला. जनावराचा पत्ताच नाही. सुनावणी जवळ येत चालली आणि काकूंची झोप उडाली.

"जेवायला बोलाव त्याला," विद्याधरकाका एकदा हसत म्हणाले. "फक्त तुझ्या हातचं वरण नको. बिचारा परत जायचा."

काका बोलून विसरले. काकू विसरल्या नाहीत. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्या थेट मालाडला गेल्या, तोंडाला ओढणी बांधून चिकन घेतलं आणि इडलीच्या पिठाच्या डब्यात लपवून फ्रीजमध्ये ठेवलं. खतखड्ड्याचे रबरी हातमोजे घातले. घरातल्या जेवणाला पुन्हा लागणार नाही अशी एक जुनी स्टीलची ताटली शोधली. कॅमेऱ्यात खाणं दिसता कामा नये, म्हणून ताटली ठेवली आडोशात. आडोसा म्हणजे कड्याच्या पायथ्याची दगडी खोली, तीन भिंती आणि जाड छप्पर. पूर्वी सुरुंगाचे बार उडायचे तेव्हा माणसं तिच्यात जाऊन बसायची. बिबट्याला ताटलीपर्यंत जायचं तर कॅमेऱ्यासमोरूनच जावं लागणार होतं. डोकं बघा बाईचं! आणि कॅमेऱ्यात जाता-येता त्या स्वतः दिसायच्या, ते फोटो रोज सकाळी पुसायच्या. आधी स्वतःला पुसायचं, मग समितीच्या ग्रुपवर टाकायचं.

बिबट्या आला. नुसता आला नाही, कॅमेऱ्याकडे वळून बघून गेला. ग्रुपवर दिवाळी झाली. "काकू, झकास! आता बघा पुतण्याची कशी वाट लागते!" देवव्रतने लिहिलं, आणि लगेच खाली, "पण एकच फोटो असला तर म्हणतील वाट चुकून आला. नेहमी येतो असं दिसलं पाहिजे ना."

म्हणून काकू पुन्हा मालाडला गेल्या. आणि पुन्हा. मग खाणवाडीतलं लंगडं कुत्रं दिसेनासं झालं. कुत्री कुठेही जातात, असं काकूंनी स्वतःला बजावलं. मग सुंदराबाईंची चांदी नावाची शेळी गेली. त्या दिवशी काकूंनी डबा घासून उन्हात टाकला, हातमोजे फेकून दिले आणि देवापुढे हात जोडून म्हणाल्या, झालं, पुन्हा नाही.

पण सवय लावणं सोपं असतं हो. कार्डावरचे फोटो बघता बघता काकूंना एक गोष्ट कळायला लागली आणि ती कळल्यापासून त्यांना अन्न गोड लागेना. आधी बिबट्या अंधार पडल्यावर यायचा, खायचा आणि जायचा. आता ताटली रिकामी, म्हणून तो थांबून राहायचा. पहाटेपर्यंत थांबायचा, मग उजाडेपर्यंत, मग ऊन वर येईपर्यंत. आणि सुंदराबाईंची यायची वेळ ठरलेली, सकाळच्या पहिल्या उन्हाची. दोघांमधलं अंतर रोज थोडं थोडं कमी होत चाललं होतं. बिबट्याचा फोटो, मध्ये बराच वेळ, सुंदराबाई. मग बिबट्या आणि लगेच सुंदराबाई. आणि आज, गुरुवारी, आधी सुंदराबाई आणि मागून बिबट्या. सुनावणी उद्या, शुक्रवारी दुपारी होती.

तेवढ्यात बेल वाजली आणि काकू केवढ्याने दचकल्या.

दारात दर्शना. दर्शना सुंदराबाईंची सून. एका लॅबमध्ये कामाला, घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. काकांचं रक्त दर महिन्याला तीच घ्यायची. चटपटीत, तोंडाने फाटकी आणि मनाने स्वच्छ. समितीच्या कागदांवर खाणवाडीतल्या घराघरातून सह्या तिनेच आणलेल्या. तिने काकांच्या दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, नळी भरली, "काका, मूठ सोडा" म्हणाली आणि मग पिशवीतून एक ताटली काढून टेबलावर ठेवली. लख्ख घासलेली.

"काकू, ही तुमची. आईंना आडोशात सापडली. नाव आहे ना, म्हणून कळलं."

ताटलीच्या काठावर स्पष्ट अक्षरं होती: सौ. कुंदा वि. आठल्ये, वास्तुशांत, विलेपार्ले. भांड्यावर नाव घातल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही, आणि नाव घातलंय हे चाळीस वर्षांनी आठवतही नाही. 

"अगं, भंगारात दिली होती ती," काकू म्हणाल्या. "पडली असेल कुणाच्या हातून."

"आई म्हणतात, बाई कुत्र्यांना घालत असतील. पुण्य करतात म्हणे." दर्शना हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. "काकू, चांदी गेल्यापासून त्या जेवत नाहीयेत धड. बिबट्या आहे वर, जाऊ नका म्हटलं, तर म्हणतात, मी काय शेळी आहे का. आणि त्यांना ऐकू येत नाही हो अजिबात. मागे येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. मी ड्युटीवर सकाळीच बाहेर पडते. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असतो."

ऐकू कसं येणार? त्या खाणीतच सुंदराबाईंचे कान गेले होते. अर्जासाठी त्यांची माहिती लिहून घ्यायला काकू खाणवाडीत गेल्या होत्या तेव्हा सुंदराबाईंनी त्यांना समोर बसवून घेतलं होतं. "तोंड माझ्याकडं करून बोला, बाई. व्हट दिसले की मला कळतंय समदं." त्यांचा नवरा सीताराम, आता तो राहिला नाही, बावटेवाला होता. बार लावला की उंच दगडावर उभं राहून लाल बावटा हलवायचा. "कान गेले तवापासून माझा भरवसा त्या बावट्यावर. लाल दिसलं की हातातलं टाकायचं आन् पळायचं. इचार करत बसायचं न्हाई." काकूंनी ते लिहून घेतलं होतं. पळायचं कुठे, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

आत्ता, या क्षणाला, सगळं सांगून टाकायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण सांगितलं की दर्शना देवव्रतला सांगणार, देवव्रत हबकणार, उद्या पुतण्याचा वकील उभा राहून म्हणणार, यांनी बिबट्या भाड्याने आणला. खाण सुरू होणार. पलीकडे खुर्चीत काका दंडावर कापूस दाबून बसले होते आणि त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. 

"उद्याचा दिवस त्यांना घरात ठेव गं," एवढंच काकू म्हणाल्या. "माझं ऐक. दार लावून घे हवं तर."

"बघते," दर्शना म्हणाली. पण तिचा आवाज सांगत होता की सासूला घरात ठेवणं तिच्या हातात नाही.

शुक्रवारी काकू उजाडायच्या आधीच बाल्कनीत जाऊन बसल्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी थेट खाणीकडे. उजेड झाला. खड्ड्यातलं पाणी चकाकायला लागलं. काकू मनात रामरक्षा म्हणत होत्या आणि चौथ्या श्लोकाच्या पुढे काही आठवत नव्हतं. आणि तेवढ्यात खाणवाडीकडून हिरवं लुगडं वर चढताना दिसलं. एका हातात विळा, दुसऱ्या हातात रिकामं पोतं. सुंदराबाई आल्याच. नेहमीच्या दगडाजवळ त्या थांबल्या, लुगडं सावरलं आणि उकिडव्या बसल्या.

त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, कड्याच्या टप्प्यावर, काहीतरी पिवळं हललं.

काकूंची बोबडीच वळली. "अहो! अहो, बघा!" एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. मग त्या रेलिंगवर वाकून ओरडल्या, "सुंदराबाई! वर बघा! सुंदराबाईऽऽ!" वॉचमन धावत बाहेर आला, समोरच्या खिडक्या उघडल्या, कावळे उडाले. सुंदराबाई गवत कापत राहिल्या. बिबट्या पोट जमिनीला टेकवून एक टप्पा खाली उतरला. दर्शनाला फोन लावला तर ती कुणाच्या तरी घरी रक्त घेत असणार, फोन नुसता वाजत राहिला.

दोरीवर काकांची चादर वाळत होती. लालभडक, सोलापुरी. काकूंना एकदम बावटा आठवला. त्यांनी चादर ओढली, चिमटे उडाले, दोन्ही हातांनी ती रेलिंगबाहेर धरून जिवाच्या आकांताने हलवायला सुरुवात केली. वर बघा, बाई, एकदा वर बघा!

सुंदराबाईंनी घाम पुसायला मान वर केली आणि त्यांना लाल दिसलं. मग काय विचारता! हातातला विळा तिथेच टाकून म्हातारी उठली आणि धावत सुटली. काकूंच्या तोंडून "वाचली" असा शब्द निघाला आणि अर्धाच राहिला. कारण सुंदराबाई खाणवाडीकडे धावत नव्हत्या. त्या उलट्या, आत, कड्याच्या पायथ्याशी धावत होत्या. बार उडणार म्हटल्यावर खाणीतला माणूस घरी पळत नाही. घर लांब असतं. तो आडोशाला पळतो. सुंदराबाई वाकून आडोशात शिरल्या आणि बिबट्या शेवटचा टप्पा उतरून नेमका त्याच बाजूला चालू लागला, रोज ताटली मिळायची तिकडे.

काकू जिना कशा उतरल्या ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. मागून काका ओरडत होते, "कुंदा, वेडी आहेस का? थांब!" लाल चादर खांद्यावरच राहिली होती. खतखड्डा, भगदाड, दगड. एक चप्पल जाळीत अडकून मागे राहिली. खाणीत पाऊल टाकलं आणि त्या खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. समोर आडोशाच्या तोंडाशी बिबट्या उभा होता, पाठमोरा. आत अंधारात सुंदराबाई दिसत होत्या. गुडघे पोटाशी, हात कानांवर, डोळे मिटलेले आणि तोंड उघडं. बार उडताना तोंड उघडं ठेवायचं असतं, नाहीतर धक्का डोक्यात बसतो. बाई बाराची वाट बघत बसली होती.

काकूंच्या पायाखालचा दगड निसटला आणि आवाज झाला. बिबट्या वळला.

त्याने काकूंना पाहिलं. गुरगुरला नाही, दबा धरला नाही. त्याने शेपटीचं टोक हलवलं आणि तो सरळ त्यांच्याकडे चालत आला, दूधवाल्याला बघून मांजर येतं तसा. काकूंना सगळं लख्ख कळलं. त्यांचा वास त्या ताटलीला होता, जाळीला होता, इथल्या प्रत्येक दगडाला होता. तो जेवायला येत होता. पळू नये, बसू नये, असं वनखात्याच्या पत्रकात छापलेलं काकूंनी स्वतः सोसायटीच्या बोर्डावर लावलं होतं. पण पळायला पाय होते कुठे? मांडीवरून काहीतरी गरम वाहत गेलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"बाऽऽर हाय, बाऽऽर!"

सुंदराबाईंनी डोळे उघडले होते. म्हातारी आडोशाच्या तोंडाशी उभी राहून छातीच्या आतून ओरडत होती आणि हाताला येईल तो दगड भिरकावत होती. पहिला हुकला. दुसरा बिबट्याच्या कुल्ल्यावर बसला. तो चमकला, एका उडीत टप्प्यावर गेला, दुसऱ्या उडीत झाडीत. करंजाची फांदी थोडा वेळ हलत राहिली.

काकू खाली बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. सुंदराबाई जवळ आल्या. त्यांनाही धाप लागली होती. त्यांनी काकूंच्या खांद्यावरची लाल चादर ओढून त्यांच्या भिजलेल्या साडीवर गुंडाळली.

"बावटा तुमी हलवला व्हय?" त्या म्हणाल्या. काकूंनी मान हलवली. सुंदराबाईंनी झाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बाई, मी हितं व्हते त्याच्या तोंडाम्होरं. मला सोडून ते तुमच्याकडं आलं. वळखीचं असल्यागत आलं."

काकूंनी मान खाली घातली. सुंदराबाईंनी त्यांची हनुवटी धरून वर केली. "तोंड माझ्याकडं करा. आन् आता सांगा."

काकूंनी सांगितलं. मालाड, डबा, ताटली, पुसलेले फोटो, सगळं. आवाज फुटत नव्हता, पण सुंदराबाईंना आवाज लागतच नव्हता. त्या ओठांकडे बघत होत्या.

"म्हंजे माझी चांदी तुमच्यापायी गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "आन् आज मी जात व्हते."

"हो."

"दर्शनाला तुमीच सांगा. मी न्हाई सांगनार." असं म्हणून त्यांनी विळा उचलला आणि काकूंच्या दंडाला धरून त्यांना भगदाडापर्यंत आणून सोडलं.

दुपारी सुनावणी. हॉलमध्ये पंखे गरगरत होते. पुढच्या रांगेत पुतण्या आणि त्याचा वकील, मागे मधुमालतीवाले आणि खाणवाडीवाले. काकू साडी बदलून, केस विंचरून आल्या होत्या. काकांना घरी ठेवलं होतं. देवव्रतने बिबट्याचे फोटो मोठे करून आणले होते. त्याला सकाळचं कळलं होतं आणि आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "काकू, आता तर साक्षीदारच आहे ना आपल्याकडे!"

आणि काकूंनी दर्शनाला बाजूला घेऊन सांगायच्या आतच ती उठून उभी राहिली. "साहेब, आज सकाळी माझ्या सासूबाई मेल्या असत्या. या काकूंनी त्यांना वाचवलं. स्वतः खाली उतरल्या, बिबट्यासमोर. असं कोण करतं हो दुसऱ्यासाठी?" तिचे डोळे भरून आले. मागे टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकताना काकूंना सकाळपेक्षा जास्त भीती वाटली. खरं सांगायचं तर बिबट्यासमोर त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

साहेबांनी विचारलं, "सचिव कोण? तुम्हाला काही बोलायचंय?"

काकू उठल्या. गप्प बसलं तर काम होणार होतं. दोन वाक्यं बोलून आभार मानायचे आणि बसायचं. डोळ्यांसमोर काकांची छाती वरखाली होत होती. मग त्यांची नजर बाजूच्या बाकाकडे गेली. तिथे सुंदराबाई बसल्या होत्या, टाळ्या न ऐकलेल्या, आणि एकटक त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

"फोटो खरे आहेत," काकू म्हणाल्या. "बिबट्याही खरा आहे. पण त्याला मी चिकन घालून बोलावलं. बरेच दिवस. म्हणून तो दिवसा यायला लागला. म्हणून त्यांची शेळी गेली, आणि आज त्या गेल्या असत्या. समितीला यातलं काही माहीत नव्हतं. मी एकटीने केलं. तुम्ही आरक्षणाचं काय करायचं ते करा, पण आधी आज संध्याकाळी तिथे माणसं पाठवा. तो पुन्हा येणार आहे. मी त्याला सवय लावली आहे."

 पुतण्याच्या वकिलाने पेन उघडलं आणि हसू लपवायचा प्रयत्नही केला नाही. देवव्रतने फोटो उलटे करून ठेवले. दर्शना अजून उभीच होती. तिने सासूकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"काल मी ताटली घेऊन आले होते, काकू," ती हळूच म्हणाली. "काल तुम्ही मला काय सांगितलंत?"



निर्णय अजून लागलेला नाही. साहेबांनी फोटो बाजूला काढले आणि जागेची नव्याने पाहणी लावली. ती कधी होईल, देव जाणे. वनखात्याची माणसं आली, भगदाड बुजवून गेली आणि आणखी काही महिने तरी कुणी आत जाऊ नका, त्याला काही मिळालं नाही की विसरेल, असं सांगून गेली. खाणवाडीतल्या लोकांनी आडोसा दगडांनी भरून टाकला. ग्रुपवर काकूंच्या नमस्काराला आता कुणी नमस्कार करत नाही. काकांचं रक्त घ्यायला लॅबमधून दुसरीच मुलगी येते.

काकू मात्र रोज उजाडायच्या आधी बाल्कनीत बसतात. मांडीवर लाल चादर. सुंदराबाई आत येत नाहीत, पण उरलेल्या शेळ्यांना गवत तर लागतंच, म्हणून खाणीच्या तोंडाशी थोडं कापून जातात. बसायच्या आधी त्या मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघतात. हसत नाहीत, हात करत नाहीत. लाल नाही एवढं बघतात आणि खाली बसतात.

परवा त्या बसल्या आणि काकूंना बुजवलेल्या आडोशाच्या छपरावर तो दिसला. पुढचे पाय जुळवून बसलेला. काकूंनी चादर झटकून रेलिंगबाहेर सोडली.  सुंदराबाईंनी लाल पाहिलं, विळा टाकला आणि त्यांचे पाय आधी आडोशाकडेच वळले.  म्हातारी तिथल्या तिथे अडखळली, स्वतःला सावरलं आणि उलटी वळून खाणवाडीच्या वाटेने पळाली. शेवटच्या घराआड तिचं लुगडं दिसेनासं होईपर्यंत काकू चादर हलवत होत्या.

बिबट्याने पळणाऱ्या बाईकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. तो छपरावर बसून वर, काकूंच्या बाल्कनीकडे बघत होता.